बचावाची मांडणी बदलल्यावर लाइनबॅकरांची फळी पुन्हा कशी उभारावी

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाचा नवा प्रशिक्षक येतो, जुनी मांडणी मोडून आपली मांडणी आणतो, आणि त्या बदलाचा सर्वांत मोठा भार लाइनबॅकरांवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंवर, पडतो. कडेचा कॉर्नरबॅक जुन्या मांडणीतही रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, मागे धावत होता आणि नव्या मांडणीतही धावणारच असतो. लाइनबॅकरचे मात्र उभे राहण्याचे ठिकाण, नजर ठेवण्याचा खेळाडू, पहिले पाऊल आणि अंगावर येणारा माणूस असे सगळेच बदलते. अशा वेळी बहुतेक संघ ताबडतोब नवे लाइनबॅकर शोधायला निघतात. माझ्या मते तिथेच चूक होते. आधी लाइनबॅकरच्या पुढे कोण उभे राहणार हे ठरवावे, मग त्याला कोणत्या शब्दांत हुकूम मिळणार हे ठरवावे. नवी माणसे कशी आणि किती हवीत, याचे उत्तर त्यानंतरच नीट मिळते.

या लेखात उदाहरण म्हणून एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ घेतला आहे, कारण त्याने हा प्रवास दोन्ही दिशांनी केला आहे. २००९ मध्ये डॉम केपर्स बचावाचे प्रमुख झाले आणि संघ ४-३ मांडणीवरून ३-४ वर गेला. २०२४ मध्ये जेफ हॅफ्ली आले आणि तोच संघ ३-४ वरून पुन्हा ४-३ वर आला. पायऱ्या व्यावसायिक संघाच्या अनुभवावरून मांडल्या असल्या, तरी कॉलेज किंवा हायस्कूलच्या संघाला मदत करणाऱ्यालाही त्या वापरता येतील. फरक असेल तिथे तो सांगितला आहे.

पहिली पायरी: मांडणीचे नाव बाजूला ठेवून कामाची यादी लिहा

नावातला पहिला आकडा पुढच्या फळीतल्या खेळाडूंचा आणि दुसरा लाइनबॅकरांचा, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण या आकड्यांवरून कामाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. खरा प्रश्न गॅपचा, म्हणजे आक्रमणाच्या ओळीतल्या दोन खेळाडूंमधल्या फटीचा आहे. आक्रमणाच्या ओळीच्या मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्यापुढे टॅकल आणि एका टोकाला टाइट एंड असतो. सेंटर आणि गार्ड यांच्यातली फट ‘ए’, गार्ड आणि ऑफेन्सिव्ह टॅकल यांच्यातली ‘बी’, टॅकल आणि टाइट एंड यांच्यातली ‘सी’ आणि त्याबाहेरची ‘डी’. चेंडू घेऊन धावणारा यांपैकी कोणत्या तरी फटीतून येणार, म्हणून प्रत्येक फटीला एक धनी असावा लागतो.

पुढच्या फळीतला प्रत्येक खेळाडू एकाच गॅपचा धनी असेल, तर तो चेंडू सुटताच त्या फटीत घुसतो आणि उरलेल्या फटी लाइनबॅकरांच्या वाट्याला येतात. तोच खेळाडू दोन गॅपांचा धनी असेल, तर तो घुसत नाही; समोरच्याला छातीशी धरून थोपवतो, चेंडू कुठे जातो ते पाहतो आणि त्या बाजूला सुटतो. दोन गॅपांच्या पारंपरिक ३-४ मध्ये नोज टॅकल सेंटरसमोर आणि दोन्ही एंड ऑफेन्सिव्ह टॅकलांसमोर उभे राहतात. त्यामुळे दोन्ही गार्ड मोकळे राहतात आणि एकशे चाळीस किलोचा गार्ड थेट आतल्या लाइनबॅकरच्या अंगावर येतो. ४-३ च्या नेहमीच्या ‘ओव्हर’ रचनेत टाइट एंडच्या बाजूच्या गार्डला डिफेन्सिव्ह टॅकल अडवून धरतो. उघडी राहणारी मुख्य फट दुबळ्या, म्हणजे टाइट एंड नसलेल्या, बाजूची ‘बी’, आणि तिथे ‘विल’ नावाचा चपळ लाइनबॅकर धावत येऊन पोचतो.

हे सगळे ३-४ असूनही उलटे असू शकते. वेड फिलिप्स यांची ३-४ मांडणी एका गॅपची होती. २०१५ च्या हंगामात डेन्व्हरने त्याच मांडणीवर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि तिथल्या आतल्या लाइनबॅकरांचे काम केपर्स यांच्या लाइनबॅकरांपेक्षा ४-३ च्या ‘विल’ला जवळचे होते. म्हणून प्रत्येक जागेसाठी एक स्वतंत्र कागद करावा आणि त्यावर सहा गोष्टी लिहाव्यात: तो कुठे उभा राहील, कोणाकडे पाहील, पहिले पाऊल कोणत्या दिशेने टाकील, धाव आली तर कोणता गॅप धरील, पास आला तर कुठे जाईल, आणि त्याला अडवायला बहुधा कोण येईल. सहावा रकाना लोक हमखास विसरतात, आणि खेळाडू किती वजनाचा हवा याचे उत्तर नेमके त्यातच असते.

दुसरी पायरी: आधी पुढची फळी

२००८ मध्ये पॅकर्सने सहा सामने जिंकले आणि दहा गमावले. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये त्यांच्या हातात ड्राफ्टमधली, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतली, नववी निवड होती. लाइनबॅकरांची गरज उघड दिसत असताना त्यांनी ती बॉस्टन कॉलेजच्या बी. जे. राजी या नोज टॅकलवर खर्च केली, आणि तीही रायन पिकेटसारखा भारदस्त खेळाडू संघात असताना. मग न्यू इंग्लंडला एक दुसऱ्या फेरीतली आणि दोन तिसऱ्या फेरीतल्या निवडी देऊन ते पुन्हा पहिल्या फेरीत शिरले आणि सव्विसाव्या क्रमांकावर क्ले मॅथ्यूजला घेतले. मॅथ्यूजची कथा नंतर सगळ्यांनी सांगितली. राजीची निवड मात्र लाइनबॅकरांसाठीच केलेली गुंतवणूक होती, हे फारसे कोणी बोलत नाही. आतल्या लाइनबॅकरपर्यंत गार्डला पोचू न देणारा माणूस समोर नसेल, तर तुमचा उत्तम लाइनबॅकर दर सामन्यात चाळीस वेळा धडका खाईल आणि नोव्हेंबरपर्यंत त्याचे खांदे निकामी होतील.

हायस्कूलच्या संघाला ड्राफ्ट नसतो. जे वर्गात आहेत त्यांतूनच निवड करावी लागते. तिथे प्रश्न उलटा विचारावा. दोन गॅप धरून ठेवू शकेल असा एकही मुलगा संघात नसेल, तर दोन गॅपांची मांडणी कागदावर कितीही देखणी वाटली तरी घेऊ नये. ३-४ हवीच असेल तर एका गॅपची घ्यावी आणि पुढच्या तिघांना चेंडू सुटताच एका बाजूला सरकायला शिकवावे.

तिसरी पायरी: प्रत्येक खेळाडूची चित्रफीत कामानुसार कापा

आता आहेत त्या खेळाडूंकडे वळावे. प्रत्येकाचे मागच्या हंगामातले साधारण साठ स्नॅप, म्हणजे चेंडू सुटून सुरू झालेले डाव, घ्यावेत आणि त्यांचे पाच गट करावेत: धाव ओळखून टाकलेले पहिले पाऊल, ब्लॉकशी, म्हणजे अडवायला येणाऱ्याशी, झालेली गाठ, पासवर मागे जाऊन झोन, म्हणजे नेमून दिलेला भाग, धरणे, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक किंवा टाइट एंड यांना माणूस-माणूस राखणे, आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चाल करून जाणे. खेळाडूच्या नावापुढचे पद वाचू नये आणि सॅकचा, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी पाडण्याचा, आकडाही पाहू नये. पद आणि आकडा हे दोन्ही जुन्या मांडणीने दिलेले असतात.

ॲरन कॅम्पमनचे उदाहरण इथे बोलके आहे. ४-३ मध्ये हात जमिनीला टेकवून खेळणारा हा डिफेन्सिव्ह एंड २००६ मध्ये साडेपंधरा सॅक करून गेला होता. २००९ मध्ये त्याला बाहेरचा लाइनबॅकर केले गेले. तो कष्टाळू आणि शिस्तीचा, तक्रार न करणारा. पण उभ्याने सुरुवात करणे, मान वळवून मागे जाणे आणि मोकळ्या जागेत रनिंग बॅकला गाठणे ही कामे त्याच्या शरीराला नवी होती. नोव्हेंबरमध्ये गुडघा जायबंदी होईपर्यंत त्याच्या नावावर साडेतीन सॅक होते. पुढच्या वर्षी तो जॅक्सनव्हिलला गेला आणि पुन्हा एंड झाला. त्याच्या जागी त्याच वर्षीच्या सातव्या फेरीत घेतलेला ब्रॅड जोन्स खेळला, जो कॉलेजात उभ्यानेच खेळत आला होता. कबड्डी पाहणाऱ्यांना हे चटकन कळेल: कोपऱ्यावर घोटा पकडणाऱ्या कसलेल्या खेळाडूला कव्हरला उभे केले, तर त्याची पकड तीच राहते, वेळ आणि कोन मात्र चुकतात.

उलट, ए. जे. हॉक ४-३ मध्ये प्रामुख्याने दुबळ्या बाजूला खेळत असे आणि निक बार्नेट मध्यभागी. हे दोघे आतल्या जागांवर बसले, कारण ब्लॉकशी गाठ पडल्यावर टिकून राहण्याचे काम दोघांनीही आधीपासून केलेले होते. पहिल्या वर्गवारीनंतर माझा ठोकताळा असा आहे की पाचपैकी तीन कामे जमणारा खेळाडू नव्या जागेवर शिकवून उभा करता येतो. दोनच जमत असतील तर त्याला ठरावीक डावांपुरता ठेवावा. आणि जमणारे एकमेव काम नव्या मांडणीत त्या जागेला करावेच लागत नसेल, तर त्याच्याशी लवकर आणि स्पष्ट बोलावे. हे बोलणे उन्हाळ्यापर्यंत लांबवले, तर त्याचाही हंगाम वाया जातो आणि तुमचाही.

२०२४ मध्ये हे गणित उलट दिशेने फिरले. ३-४ मधले बाहेरचे लाइनबॅकर हॅफ्ली यांच्या ४-३ मध्ये डिफेन्सिव्ह एंड झाले. रशान गॅरीने हात जमिनीला टेकवला आणि तो नव्या जागेवर टिकला; अनेक वर्षे उभ्याने खेळलेल्या प्रेस्टन स्मिथला संघाने नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गला देऊन टाकले. म्हणजे पंधरा वर्षांनी कॅम्पमनचाच प्रसंग आरशात दिसावा तसा पुन्हा घडला. अशा बदलात लाइनबॅकरांच्या खोलीतली चार-पाच माणसे एका दिवसात दुसऱ्या खोलीत जातात, हे संख्येच्या हिशेबात धरावे लागते. ३-४ खेळणारा संघ साधारण आठ-नऊ लाइनबॅकर बाळगतो, ४-३ खेळणारा सहा-सात.

चौथी पायरी: भाषा आणि ती शिकवणारा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडे थांबतो.

नवी मांडणी म्हणजे नवा शब्दसंग्रह. एकाच रचनेला एक प्रशिक्षक ‘अंडर’ म्हणतो, दुसरा आणखी काही. जुन्या संघात ‘माइक’ म्हणजे एक जागा असते, नव्या संघात तेच नाव शेजारच्याचे असते. स्नॅपपूर्वीच्या दहा-बारा सेकंदांत लाइनबॅकरला हुकूम ऐकायचा, पुढच्या फळीला सरकवायचे, मागच्या सेफ्टीशी नजरानजर करायची आणि आक्रमणाने रचना बदलली की पुन्हा सगळे बदलायचे असते. त्याला मनातल्या मनात जुन्या शब्दांतून नव्या शब्दांत भाषांतर करावे लागत असेल, तर तो उशीर करणारच.

केपर्स यांनी २००९ मध्ये बाहेरच्या लाइनबॅकरांसाठी केविन ग्रीन यांना आणले. ग्रीन यांच्या नावावर कारकिर्दीत १६० सॅक होते, पण नेमणुकीचे खरे कारण त्याहून साधे असावे. केपर्स पिट्सबर्गमध्ये बचावाचे प्रमुख असताना ग्रीन त्यांच्या हाताखाली बाहेरचे लाइनबॅकर म्हणून खेळले होते, आणि केपर्स कॅरोलिनाचे मुख्य प्रशिक्षक असताना १९९६ मध्ये साडेचौदा सॅक करून त्यांनी लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. ही भाषा त्यांनी खेळाडू म्हणून मैदानावर बोललेली होती. मांडणी बदलताना लाइनबॅकरांचा प्रशिक्षक जुनाच ठेवला, तर तो स्वतः विद्यार्थी असतो आणि शिकता शिकता शिकवतो. सहायक निवडण्याची मुभा असेल तर हा एक बदल आधी करावा.

शब्दसंग्रहाचे काम असे करावे. पहिल्या महिन्यात पंधरापेक्षा जास्त शब्द देऊ नयेत. प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण जोडावी, कारण गोंगाटात आवाज पोचत नाही. जुन्या मांडणीतला जो शब्द नव्या अर्थाने येणार असेल, तो सरळ बाद करावा आणि नवे नाव द्यावे; जुन्या शब्दाचा नवा अर्थ खेळाडू दमल्यावर विसरतो आणि जुना अर्थ वर येतो. हुकूम देणारा एकच खेळाडू ठरवावा. एनएफएलमध्ये २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये ध्वनियंत्र असते आणि त्यावर हिरवा ठिपका लावलेला असतो. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात ही सोय २०२४ पासून आली. डावाच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की हा आवाज बंद होतो, आणि त्यानंतर मैदानावरच्या माणसालाच निर्णय घ्यावा लागतो. म्हणून हिरवा ठिपका सर्वांत वेगवान खेळाडूला न देता, मैदानावरून सहसा बाहेर न जाणाऱ्या आणि चूक झाली तरी मोठ्याने बोलणाऱ्या खेळाडूला द्यावा. मोठ्याने दिलेल्या चुकीच्या हुकमावर अकराही जण एकत्र चुकतात आणि ते बऱ्याचदा निभावते. पुटपुटलेल्या बरोबर हुकमावर सहा जण एक खेळतात आणि पाच दुसरेच.

पाचवी पायरी: सरावाची आखणी

अमेरिकन कॉलेजांना वसंत ऋतूत पंधरा सत्रे मिळतात, म्हणून आखणी पंधरा सत्रांचीच करावी. हायस्कूलमध्ये ती निम्म्यावर आणावी लागेल.

पहिली तीन सत्रे चेंडूशिवाय आणि चालत घ्यावीत. प्रशिक्षकाने आक्रमणाच्या रचना दाखवाव्यात, लाइनबॅकरांनी हुकूम द्यावा, जागा घ्यावी आणि पहिले पाऊल टाकून थांबावे. कंटाळवाणे वाटते, पण ही सत्रे गाळली तर तीच चूक ऑगस्टमध्ये धावत धावत सुधारावी लागते.

चौथ्या ते आठव्या सत्रात नजर घडवावी. दोन गार्ड आणि एक रनिंग बॅक समोर उभे करावेत. प्रशिक्षकाने लाइनबॅकरच्या पाठीमागे राहून त्यांना खुणेने सांगावे: सरळ ब्लॉक, आतला ब्लॉक, ओळ सोडून बाजूला धाव, किंवा पाससाठी मागे बसणे. लाइनबॅकरने फक्त पहिली दोन पावले टाकायची आणि गोठायचे. गार्ड ओळ सोडून धावू लागला, की दहापैकी नऊ वेळा चेंडू त्याच्यामागोमाग जातो. हे पायांना कळेपर्यंत पकडीचा सराव सुरूच करू नये.

त्यानंतर ब्लॉकशी गाठ. इथे ‘स्पिल’ आणि ‘बॉक्स’ हे दोन शब्द प्रत्येक लाइनबॅकरच्या रक्तात उतरले पाहिजेत. स्पिल म्हणजे अडवायला येणाऱ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर बाहेरच्या खांद्याने आदळणे, जेणेकरून धावणाऱ्याला आतली वाट मिळत नाही आणि तो बाहेरच्या बाजूला, आपल्या मोकळ्या साथीदाराकडे वळतो. बॉक्स म्हणजे बाहेरच्या अर्ध्यावर आतल्या खांद्याने भिडून बाहेरचा हात मोकळा ठेवणे आणि धावणाऱ्याला पुन्हा आत, गर्दीकडे ढकलणे. दोन्ही बरोबरच आहेत; पण एकाने स्पिल केले आणि बाहेरचा साथीदारही आत धावला, तर कडेची पट्टी रिकामी राहते. मांडणी बदलल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात लांब पल्ल्याच्या ज्या धावा निघतात, त्यांतल्या बहुतेक या एका गैरसमजातून निघतात.

शेवटच्या सत्रांत पासचा बचाव घ्यावा. एंडचा लाइनबॅकर झालेल्यांना सर्वांत जास्त वेळ इथे लागतो. कंबर उघडून मागे जाणे, क्वार्टरबॅकच्या खांद्यावर नजर ठेवणे आणि तरीही बाजूने येणारा रिसीव्हर जाणणे हे वेगवेगळे शिकवावे, एकत्र नव्हे. केपर्स आणि डिक लबो यांच्या पिट्सबर्गमधल्या पद्धतीत पाच जण चाल करून जात, तिघे मधला आणि तिघे खोल भाग राखत, आणि चाल करणार असे वाटणारा बाहेरचा लाइनबॅकरच कित्येकदा मागे पासच्या वाटेत जाऊन उभा राहत असे. हे फसवे डाव गोड असतात, पण ते दहाव्या सत्राच्या आधी उघडू नयेत.

अंगाला अंग भिडवणाऱ्या सरावाला मर्यादा ठेवावी. २०११ च्या करारापासून एनएफएलने नियमित हंगामात संपूर्ण पॅड घालून घ्यायच्या सरावांची संख्या चौदावर आणली. मेंदूच्या दुखापतींबद्दल आता जे कळले आहे ते पाहता, मुलांच्या संघाने त्याहून जास्त धडका घेण्याचे काही कारण नाही.

सहावी पायरी: निकेल आधी, मूळ मांडणी नंतर

आजचे आक्रमण बहुतेक वेळा तीन रिसीव्हर घेऊन उतरते, त्यामुळे बचाव पाचवा पाठीमागचा खेळाडू आणतो. याला निकेल म्हणतात, आणि व्यवहारात हीच आता मूळ मांडणी झाली आहे. केपर्स यांच्या निकेलमध्ये पुढचे दोन, लाइनबॅकर चार आणि मागे पाच असत. ४-३ च्या निकेलमध्ये पुढचे चार तसेच राहतात आणि टाइट एंडच्या बाजूचा ‘सॅम’ लाइनबॅकर बाहेर जातो. म्हणून ४-३ वर जाणाऱ्या संघाने ‘सॅम’साठी मोठी किंमत मोजू नये. २०२४ मध्ये पॅकर्सने डिव्हॉन्ड्रे कॅम्पबेलला मोकळे केले आणि दुसऱ्या फेरीत, एकूण पंचेचाळिसाव्या क्रमांकावर, टेक्सास ए अँड एमच्या एजरिन कूपरला घेतले. चाळीस यार्ड ४.५१ सेकंदांत धावणारा हा खेळाडू क्वे वॉकरच्या जोडीने निकेलमध्येही मैदानावर राहू शकत होता, हाच त्या निवडीचा अर्थ.

सातवी पायरी: मोजमाप आणि राखीव खेळाडू

पहिल्या आठ सामन्यांत टॅकल आणि सॅक मोजू नयेत. प्रत्येक लाइनबॅकरच्या जागेच्या, हुकमाच्या आणि पहिल्या पावलाच्या चुका मोजाव्यात. पन्नास स्नॅपांत चारपेक्षा जास्त चुका होत असतील, तर डाव कमी करावेत, खेळाडू बदलू नये. २००९ चे पॅकर्स आठ सामन्यांनंतर चार विजय आणि चार पराभवांवर होते. त्या हंगामात तोवर एकही सामना न जिंकलेल्या टँपा बेने त्यांना ३८ गुण घालून हरवले होते. त्यानंतरच्या आठपैकी सात त्यांनी जिंकले आणि हंगाम संपताना धावांविरुद्धच्या बचावात ते लीगमध्ये पहिले होते, सामन्यामागे ८३.३ यार्ड. पासविरुद्धचा कच्चेपणा मात्र शिल्लक होता: डिसेंबरमध्ये पिट्सबर्गच्या बेन रॉथलिसबर्गरने ५०३ यार्ड फेकले आणि प्लेऑफमध्ये ॲरिझोनाने ५१-४५ असे हरवले. पहिल्या वर्षी धाव आवरते, पास दुसऱ्या वर्षी; वेळापत्रक असे गृहीत धरावे.

राखीव खेळाडूंना दोन-दोन जागांचे हुकूम पाठ करवावेत आणि सरावातले निदान तीसातले दहा स्नॅप त्यांना द्यावेत. २०१० मध्ये बार्नेटचे मनगट दुखावले आणि तो हंगामाला मुकला. ब्रॅड जोन्सही बाहेर गेला. बार्नेटच्या जागी २००७ च्या सहाव्या फेरीतला डेझमंड बिशप आला. ६ फेब्रुवारी २०११ रोजी सुपर बोलच्या चौथ्या सत्राच्या पहिल्या डावात पिट्सबर्ग २१-१७ असे मागे होते आणि चेंडू रशार्ड मेंडेनहॉलकडे जाणार हे मॅथ्यूजने ओळखले. स्नॅपआधी त्याने शेजारच्या पिकेटला एकच शब्द ओरडून सांगितला: स्पिल. पिकेट आतून भिडला, मॅथ्यूज बाहेरून आला, दोघांच्या मध्ये चेंडू निसटला, आणि तो उचलून बिशप पुढे धावला.